वळणाचा हिशेब : घरगुती हिरवळीसाठी छोटे ‘झीरो-टर्न’ यंत्र

अमेरिकेत गवताच्या राखलेल्या हिरवळीखाली, म्हणजे ‘लॉन’खाली, एकूण किती जमीन आहे याचा एक बहुचर्चित अंदाज क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार घरांभोवतीची, उद्यानांतील, क्रीडांगणांवरील आणि गोल्फ मैदानांवरील हिरवळ मिळून सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून थोडी अधिक भरते. ही हिरवळ राखणे हा तेथे केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर उभ्या राहिलेल्या लेव्हिटाऊन या वसाहतीत घरमालकाने हंगामात दर आठवड्याला गवत कापावे अशी अट खरेदीखतातच घातलेली होती, आणि आजही अनेक नगरपालिकांचे नियम व रहिवासी संघांचे करार गवताच्या कमाल उंचीची मर्यादा घालून देतात व ती ओलांडणाऱ्यास दंड करतात. न्यू जर्सी, इलिनॉय किंवा टेक्सासच्या उपनगरांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही घराच्या किल्ल्यांबरोबर ही जबाबदारी आपोआप मिळते, आणि दहा-वीस गुंठ्यांचे गवत दर आठवड्याला कापायचे कशाने हा प्रश्न पहिल्याच उन्हाळ्यात उभा राहतो.

या प्रश्नाचे अलीकडच्या काळात वारंवार पुढे येणारे उत्तर म्हणजे ‘झीरो-टर्न’ प्रकारचे, बसून चालवायचे, आकाराने लहान यंत्र. त्याची परीक्षा करताना ग्राहकाचे लक्ष साधारणतः इंजिनाची अश्वशक्ती, कमाल वेग आणि किंमत यांकडे जाते. प्रत्यक्षात या यंत्राचा लाभ मुख्यतः एकाच ठिकाणी, म्हणजे वळणावर, मिळतो, आणि वळणे किती व कशी घ्यावी लागतील हे यंत्रावर नव्हे तर जमिनीवर अवलंबून असते. म्हणूनच त्याचे मूल्यमापन माहितीपत्रकापासून नव्हे तर आवारापासून सुरू करणे युक्त ठरते.

घडण कशी झाली

गवत कापण्याच्या यंत्राचा इतिहास इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात सुरू होतो. तेथील एडविन बडिंग यांनी लोकरी कापडाच्या पृष्ठभागावरील तंतू समतल छाटणाऱ्या गिरणीतील यंत्राचे तत्त्व गवताला लागू केले आणि १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या यंत्रात आडव्या दंडगोलावरील पाती एका स्थिर पात्यावरून फिरून कात्रीसारखे काम करीत. विसाव्या शतकात प्रबळ ठरलेल्या ‘रोटरी’ पद्धतीत मात्र जमिनीला समांतर पाते अतिवेगाने फिरते आणि केवळ आघाताच्या जोरावर गवत छाटते. या पद्धतीत अचूकता थोडी कमी मिळते; पण उंच, ओबडधोबड किंवा काडीकचरा असलेले गवतही कापले जात असल्याने घरगुती वापरासाठी तीच रूढ झाली.

बसून चालवायची यंत्रे दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांबरोबर वाढली, आणि ती बहुतेक छोट्या ट्रॅक्टरच्या रूपात होती. पुढची दोन चाके वळवून दिशा बदलणाऱ्या कोणत्याही वाहनाला वळणासाठी काही किमान त्रिज्या लागते. त्यामुळे प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी न कापलेला अर्धचंद्र उरतो आणि झाडाच्या बुंध्याभोवती पुढे-मागे करावे लागते. ही अडचण दूर करणारे यंत्र अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात जॉन रेगियर यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात बनवले व ते ‘हसलर’ या नावाने बाजारात आले. सुरुवातीचा ग्राहक मोठी मैदाने राखणारा व्यावसायिक होता. १९७० च्या दशकात त्याच राज्यातील ‘डिक्सन’ कंपनीने घरगुती वापरासाठी अशी यंत्रे काढली, आणि पुढे टोरो, जॉन डिअर, हस्क्वार्ना, कब कॅडेट यांसारख्या बहुतेक मोठ्या उत्पादकांनी हा वर्ग आपल्या यादीत सामावून घेतला.

शून्य त्रिज्या म्हणजे काय

या यंत्राचे तत्त्व शेतीच्या ट्रॅक्टरशी परिचय असलेल्या वाचकास सहज कळेल. ट्रॅक्टरला मागच्या डाव्या व उजव्या चाकांसाठी ब्रेकचे स्वतंत्र पायपट्टे असतात, आणि बांधाशी आल्यावर एकाच बाजूचा ब्रेक दाबून चालक ट्रॅक्टर आखूड जागेत वळवतो. झीरो-टर्न यंत्रात हेच तत्त्व पूर्णत्वास नेलेले असते. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र ‘हायड्रोस्टॅटिक’ प्रेषण, म्हणजे तेलाच्या दाबाने शक्ती पोहोचवणारी योजना, जोडलेली असते. इंजिन पट्ट्याच्या साहाय्याने एक पंप फिरवते. पंपातील दट्ट्यांच्या टोकाशी असलेली तबकडी जितकी तिरपी करावी तितके अधिक तेल चाकाच्या मोटरकडे ढकलले जाते, तबकडी सरळ केली की चाक थांबते आणि विरुद्ध बाजूस कलवली की ते उलटे फिरते. चालकाच्या मांडीवर येणारे दोन दांडे, ज्यांना ‘लॅप बार’ म्हणतात, या दोन तबकड्यांचा कल ठरवतात. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलल्यास यंत्र सरळ जाते, आणि एक पुढे व दुसरा मागे केल्यास ते मागच्या दोन चाकांच्या मध्यबिंदूभोवती जागच्या जागी फिरते. पुढची ‘कॅस्टर’ चाके कोणत्याही दिशेस मोकळी वळणारी असतात. ती वजन पेलतात, पण दिशा देत नाहीत.

या वर्णनातून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, त्रिज्या शून्य असली तरी वळायला लागणारी जागा शून्य नसते. यंत्र मागच्या आसाभोवती फिरत असल्याने त्याचे पुढचे टोक मोठे वर्तुळ आखते, आणि भिंतीला किंवा कुंपणाला समांतर जाताना अचानक वळल्यास पुढचा कोपरा किंवा मागचे इंजिन त्यावर आदळू शकते. दुसरा असा की, एक चाक स्थिर ठेवून दुसरे फिरवल्यास स्थिर चाक मातीवर पिळले जाते व तेथील गवत मुळासकट निघते. म्हणून अनुभवी चालक पट्ट्याच्या शेवटी एकदम गिरकी न घेता किंचित मागे येऊन तीन टप्प्यांत वळतात, किंवा दोन्ही चाके सतत फिरती ठेवतात. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे : दिशा, वेग आणि रोध या तिन्ही गोष्टी मागच्या दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून असल्यामुळे ती पकड सुटली की तिन्ही एकदम जातात.

रुंदी, फाटक आणि मिनिटे

पात्यांना झाकणाऱ्या पोलादी कवचाला ‘कटिंग डेक’ म्हणतात, आणि यंत्राचा आकार या डेकच्या रुंदीवरून सांगितला जातो. घरगुती झीरो-टर्न यंत्रांत ४२ ते ५४ इंच ही रुंदी नेहमीची आहे, तर ३० ते ३४ इंचांच्या आसपासची यंत्रे छोट्या वर्गात मोडतात. हा छोटा वर्ग अस्तित्वात येण्याचे मोठे कारण म्हणजे घराच्या कडेचे फाटक. अमेरिकी उपनगरात मागच्या अंगणाला बहुधा लाकडी कुंपण असते आणि त्याचे फाटक अनेकदा ३६ ते ४८ इंचांचे असते. येथे डेकचा आकडा फसवा ठरतो, कारण ३४ इंच ही पात्यांनी कापलेल्या पट्ट्याची रुंदी असते; उजवीकडे गवत बाहेर फेकणारी पन्हळ खाली असताना यंत्राची एकूण रुंदी त्याहून बरीच अधिक भरते, आणि दुसरीकडे बिजागरी व कडीमुळे फाटकाची मोकळी वाट नाममात्र मापापेक्षा कमी असते. पाती बंद करून पन्हळ वर उचलून धरल्यास काही इंच मिळतात, परंतु ती कायमची काढून टाकणे धोक्याचे आहे, कारण पात्याने उडवलेला खडा अडवण्याचे काम तीच करते. मागच्या चाकांमधील बाहेरचे अंतरही स्वतंत्रपणे मोजावे लागते.

अरुंद डेकमुळे वेळेचे किती नुकसान होते हे एका उदाहरणाने पाहता येईल. १०० फूट गुणिले १५० फूट, म्हणजे सुमारे पावणेचौदा गुंठ्यांची मोकळी आयताकृती हिरवळ कल्पावी, यंत्राचा वेग ताशी ८ किलोमीटर धरावा आणि शेजारच्या पट्ट्यावर ४ इंच चढ ठेवावा. ३४ इंची यंत्राला १५० फुटांचे ४० पट्टे घ्यावे लागतात व त्यांत सुमारे पावणेचौदा मिनिटे जातात. प्रत्येक वळणास ५ सेकंद धरल्यास ३९ वळणांची सव्वातीन मिनिटे मिळून एकूण वेळ सुमारे १७ मिनिटे होतो. ४२ इंची झीरो-टर्न हेच काम साडेतेरा मिनिटांत उरकते, तर तेवढ्याच रुंदीच्या ट्रॅक्टरला प्रत्येक वळणावर पुढे-मागे करण्यासाठी १५ सेकंद दिल्यास जवळपास १९ मिनिटे लागतात. म्हणजे अरुंद झीरो-टर्न यंत्र रुंद ट्रॅक्टरला केवळ वळणांच्या बळावर मागे टाकते. मात्र तेवढेच क्षेत्र ५० फूट गुणिले ३०० फूट अशा लांबट आकारात असेल तर वळणे निम्म्यावर येतात आणि ट्रॅक्टर पुन्हा थोडा पुढे जातो. झाडे, फुलांचे वाफे आणि झोपाळ्याचे खांब जितके अधिक तितके पारडे झीरो-टर्नकडे झुकते, हे ओघानेच आले.

याच हिरवळीचा एक तृतीयांश भाग कुंपणाच्या आत असेल आणि ४२ इंची यंत्र फाटकातून जात नसेल, तर तेवढा भाग २१ इंची ढकलायच्या यंत्राने कापावा लागतो. त्यालाच सुमारे १४ मिनिटे लागतात आणि एकूण वेळ २३ मिनिटांवर जातो. अशा आवारात छोटे यंत्र मोठ्याहून जलद ठरते. फाटक ६० इंचांचे असेल तर मात्र त्याला घेण्याचे मुख्य कारणच उरत नाही. अंगणाच्या मापांशिवाय दिलेला ‘ताशी इतके एकर’ हा आकडा म्हणूनच फारसा उपयोगी नसतो. तो बहुधा पात्याची रुंदी व कमाल वेग यांच्या गुणाकारातून येतो आणि त्यात वळणांना व पट्ट्यांच्या एकमेकांवरील चढाला पुरेशी जागा नसते.

कापणीचा दर्जा

वेगाइतकेच महत्त्व कापल्यानंतरच्या रूपाला आहे. रोटरी पाते फिरताना त्याच्या मागच्या वळलेल्या कडेमुळे डेकखाली हवेचा झोत निर्माण होतो. तो गवत उभे करतो, मग पाते ते छाटते आणि तोच झोत काप बाहेर फेकतो. डेक दोन प्रकारे बनवतात. एका प्रकारात एकाच पोलादी पत्र्याला साच्यात दाबून आकार दिला जातो, दुसऱ्यात जाड पत्र्याचे तुकडे वेल्डिंगने जोडले जातात. पत्र्याची जाडी ‘गेज’ या एककात सांगतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड असतो : १३ गेज म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर, तर १० गेज म्हणजे सुमारे ३.४ मिलिमीटर. जोडलेला जाड डेक दगड-मुळांचे आघात अधिक सोसतो, म्हणून त्याची जाहिरात जोरात होते. पण साच्यातून काढलेल्या डेकची गोलाई हवेच्या प्रवाहास अनुकूल असते आणि स्वच्छ घरगुती हिरवळीवर त्याची कापणी अनेकदा तोडीस तोड उतरते.

छोट्या यंत्रांत आणखी एक बाब नजरेने तपासण्याजोगी असते. डेकची एक बाजू मागच्या चाकाच्या बाहेर निघालेली असेल तर पाते कुंपणाच्या किंवा बुंध्याच्या लगत पोहोचते; चाकच बाहेर असेल तर कडेला पट्टा उरतो आणि तो वेगळ्या यंत्राने छाटावा लागतो, त्यामुळे वळणांवर वाचलेला वेळ तेथे खर्ची पडतो. दर्जाबद्दलच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ मात्र डेकमध्ये नसून देखभालीत असते. मागच्या दोन टायरांतील हवेचा दाब कमी-जास्त असेल तर डेक एका बाजूला कलतो आणि हिरवळीवर पायऱ्या दिसू लागतात. म्हणून सपाट फरशीवर टायर सारखे करून, मगच पात्याच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजायची आणि पुढचे टोक मागच्यापेक्षा पाव इंचापर्यंत खाली ठेवायचे, अशी रीत आहे. बोथट पाते गवत कापण्याऐवजी फाडते व दोन दिवसांत टोके पांढुरकी पडतात.

कापायची उंची गवताच्या जातीवर ठरते. उत्तरेकडील थंड राज्यांतील केंटकी ब्लूग्रास अडीच ते साडेतीन इंच आणि टॉल फेस्क्यू तीन ते चार इंच उंच ठेवतात, तर दक्षिणेकडील बर्म्युडा गवत एक ते दोन इंचांवर राखले जाते. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये हा सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे डेकची उंची बदलण्याची तरफ किती सुलभ आहे आणि ती यंत्रावर बसूनच वापरता येते का, हे पाहणे अश्वशक्तीचा आकडा पाहण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. त्या आकड्याविषयी सावध राहण्यास इतिहासही कारण आहे : अमेरिकेत लॉनमोवरची अश्वशक्ती फुगवून सांगितली जाते असा आरोप करणारे सामूहिक दावे २०१० मध्ये तडजोडीने मिटले.

उताराची मर्यादा

झीरो-टर्न यंत्राची खरी कमकुवत बाजू उतारावर दिसते. बहुतेक उत्पादक १५ अंशांहून अधिक उतारावर ते चालवू नये असे बजावतात आणि काही तर १० अंशांवरच थांबतात. १५ अंश म्हणजे १० फुटांच्या आडव्या अंतरात सुमारे पावणेतीन फुटांचा चढ. हल्ली मोबाइल फोनमधील पातळीमापक फळीवर ठेवून तो सहज मोजता येतो. छोट्या यंत्राचे वजन साधारण दोनशे ते अडीचशे किलो असते, म्हणजे ८० किलोचा चालक एकूण वजनाचा जवळपास चतुर्थांश भाग होतो, आणि तो भाग यंत्राच्या सर्वांत वरच्या ठिकाणी बसलेला असतो. चाकांमधील अंतर कमी, त्यावर उंचावलेले गुरुत्वमध्य आणि ओले गवत एकत्र आले की मागची चाके घसरतात, आणि दिशा देणारे पुढे काहीच नसल्याने यंत्र उताराच्या दिशेने जाते. तळ्याचा काठ किंवा मातीची भिंत अशा ठिकाणी हा प्रसंग जिवावर बेततो. व्यावसायिक यंत्रांवर चालकाच्या मागे संरक्षक कमान असते. छोट्या घरगुती यंत्रांवर ती बहुधा नसते.

सुरक्षेच्या इतर तरतुदी तुलनेने स्थिरावल्या आहेत. पाती फिरत असताना चालक आसनावरून उठला तर आसनाखालचा स्विच ती बंद करतो, आणि दांडे बाहेरच्या बाजूस उघडल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकी मानकानुसार मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटरपेक्षा, अधिक असू शकत नाही. ही मर्यादाच त्या पात्याने उडवलेल्या खड्याच्या ताकदीची कल्पना देते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १६ वर्षांखालील मुलांनी बसून चालवायचे यंत्र हाताळू नये आणि लहान मुलांना त्यावर सोबत बसवू नये असे सांगितले आहे. मांडीवर नातवंड घेऊन फेरी मारण्याची हौस घातक ठरू शकते ती यामुळेच.

पेट्रोल की बॅटरी

शक्तीच्या स्रोताचा प्रश्न आता केवळ आवडीचा राहिलेला नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यानंतर तेथे २०२४ पासून अशा लहान इंजिनांची नवी यंत्रे उत्सर्जनमुक्त असणे बंधनकारक झाले. इतर राज्यांत पेट्रोलची यंत्रे विकली जातात, आणि लांब पल्ला, झटपट इंधन भरणे व कमी किंमत हे त्यांचे गुण कायम आहेत. घरगुती वर्गातील प्राथमिक यंत्रे साधारणतः तीन ते चार हजार डॉलरांना मिळतात. तुल्य बॅटरी-यंत्रांना बहुधा त्याहून अधिक मोजावे लागतात. बॅटरीची क्षमता समजण्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार पुरतो : ४८ व्होल्ट व ७५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे विजेची ३.६ युनिटे. दाट, ओल्या गवतात किंवा चढावर हीच युनिटे लवकर संपतात. बदल्यात आवाज फार कमी होतो, तेल, फिल्टर व स्पार्क प्लगची कटकट जाते आणि विजेच्या मोटरचा जोर शून्य गतीपासून मिळत असल्याने दांड्यांना मिळणारा प्रतिसाद अधिक नेमका असतो.

पेट्रोल यंत्राचा हिशेब हंगामाच्या शेवटी, म्हणजे उत्तरेकडील राज्यांत नेमक्या दिवाळीच्या सुमारास, खऱ्या अर्थाने लागतो. ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरात शेवटची कापणी होते आणि यंत्र चार-पाच महिने गॅरेजमध्ये पडून राहते. अमेरिकी पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुने झालेले इंधन कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर सोडते. वसंतात यंत्र सुरू न होण्याचे हे नेहमीचे कारण असते व ताज्या पेट्रोलमध्ये स्थिरकारक द्रव मिसळून इंजिन काही मिनिटे चालवून ठेवल्यास ते टळते. हायड्रोस्टॅटिक प्रेषणाकडेही पाहायला हवे : प्राथमिक वर्गातील अनेक संच जवळजवळ बंदिस्त असतात, त्यांचे तेल बदलणे सोपे नसते आणि सततच्या चढाने किंवा मागे गाडा जोडून ओढल्याने तेल तापून त्यांचे आयुष्य घटते. हमीपत्रात वर्षांबरोबर तासांची मर्यादा दिली आहे का, हे म्हणूनच खरेदीपूर्वी वाचावे.

निवड कशी करावी

या सगळ्याचा क्रम लावायचा झाला तर प्रथम फाटकाची मोकळी वाट आणि यंत्राची एकूण रुंदी, दुसरा सर्वांत तीव्र उतार, तिसरा अडथळ्यांची संख्या व पट्ट्यांची लांबी, चौथी कडेची कापणी, आणि त्यानंतर इंजिन, आसन व किंमत असा तो लागतो. पाच-सहा गुंठ्यांच्या मोकळ्या हिरवळीला मागे चालत वापरायचे स्वयंचलित यंत्र पुरते, आणि तेथे झीरो-टर्नवर तीन हजार डॉलर घालणे ही मुख्यतः हौस ठरते. वीस गुंठ्यांहून मोठ्या, रुंद फाटकाच्या आवारात छोटा डेक उगाच वेळ खातो. या दोहोंच्या मध्ये, अरुंद फाटक, बरीच झाडे आणि जवळपास सपाट जमीन असलेल्या आवारात छोट्या झीरो-टर्नची जागा निश्चित आहे, आणि तेथे ते आपली किंमत दर आठवड्याला थोडीथोडी वसूल करून देते.

ज्या आवारात एखादा कोपरा १५ अंशांहून तीव्र आहे, तेथे अधिक महाग यंत्र शोधण्यापेक्षा तो कोपरा हिरवळीतून वगळून त्यावर झुडपे किंवा जमीन झाकणाऱ्या वेली लावणे स्वस्त आणि सुरक्षित पडते. जवळजवळची दोन झाडे एकाच गोल वाफ्यात घेतली, वाफ्यांच्या कडा यंत्राला सहज पार करता येतील अशा मोठ्या वळणाच्या ठेवल्या, तर जुन्या यंत्राचाही वेळ वाचतो. यंत्र जमिनीला साजेसे असावे हे खरेच. पण जमिनीची आखणीही मालकाच्या हातात असते, आणि ती बदलल्यावर नवे यंत्र घेण्याची गरजच उरत नाही असे कित्येकदा आढळते.